झाम्फिराच्या पाळण्याखाली

१

सकाळी गॅसची ज्योत नखाएवढी झाली की सावेता समजायची, आता दुपारपर्यंत काही खरं नाही. मग ती दुधाचं भांडं फडक्यात गुंडाळायची, मेणबत्ती पेटवायची आणि तळघरात उतरायची. खालच्या विटांवर भांडं ठेवलं की थोड्या वेळात दूध कोमट व्हायचं. वर खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं हिमाची नक्षी, आणि खाली अनवाणी उभं राहिलं तर पाय उचलावे लागतील अशी तापलेली जमीन. गॅस-विजेच्या टंचाईच्या त्या हिवाळ्यात बिहोर जिल्ह्यातल्या डोंगरउतारावरच्या त्या गल्लीतली सगळी घरं अशी उलटी झाली होती.

उताराच्या पोटात डांबर मुरलेली वाळू होती. डांबर इतकं घट्ट, की पंपानं ओढून जागचं हलत नसे. म्हणून तेलवाल्यांनी खालीच आग लावली होती. एकीकडच्या विहिरींतून हवा कोंबायची, त्या हवेवर आग जमिनीखालून रांगत पुढे सरकायची, तिच्या झळीनं डांबर पातळ व्हायचं आणि पुढच्या विहिरींतून वर यायचं. सावेताचा नवरा तोदोर ती हवा कोंबणाऱ्या यंत्रांवर कामाला होता. आग वर्षाला एखादं वावर ओलांडायची, तेही तिच्या मनात आलं तर. या वर्षी ती त्यांच्या गल्लीखाली पोचली होती. बागेत बर्फ ठरत नव्हता. भर जानेवारीत कांद्याला पात फुटली होती.

“अख्खा देश कोट घालून झोपतोय,” शेजारची पिरोश्का मावशी कुंपणावरून ओरडायची, “आणि आपण बघा! फुकटची शेगडी बुडाखाली. माझा पिंपात खारवलेला कोबी तेवढा फसफसून गेला, त्याचं काय ते वाईट.”

“हळू बोला, मावशी. कुणी ऐकलं तर तीही शेगडी काढून नेतील,” सावेता म्हणायची, आणि दोघी तोंडावर हात धरून हसायच्या.

सावेताला ती ऊब थट्टेवारी नेता येत नव्हती. तिची मुलगी दिवस भरायच्या आत झाली होती. शहरातल्या इस्पितळात अशा बाळांसाठी काचेची पेटी होती, पण वीज सारखी जायची, आणि गेली की पेटी नुसती काच उरायची. शेजारच्या पेटीतलं बाळ एका दुपारी नाहीसं झालं. त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. त्या संध्याकाळी एका परिचारिकेनं सावेताला व्हरांड्यात बोलावलं.

“घरी ऊब आहे का?”

“आहे. जमिनीतून येते.”

बाळंतीण भ्रमात बोलतेय, असंच परिचारिकेला वाटलं असणार. तिनं सावेताच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग पोर कापसात गुंडाळून तिच्या कोटाच्या आत दिली.

२

तळघर तसं लहानच होतं. विटांची जमीन, विटांच्या फटीत खालून झिरपून आलेलं काळं डांबर, एका भिंतीला बटाट्यांचा ढीग, दुसरीला लोणच्याच्या बरण्या. सावेतानं बटाटे वर नेले, भिंतींना चुना लावला आणि मधोमध पाळणा ठेवला. जमिनीवर टेकणारा, वाकड्या पायांचा, लाकडी पाळणा. तोदोर त्याच्या लहानपणी त्यातच झोपलेला.

तोदोरची आई, राफिला, खुर्ची घेऊन पाळण्याशेजारी बसायची. दोघी पाळीपाळीनं खाली असायच्या. झाम्फिरा मांजराच्या पिल्लाएवढी होती. तिला चोखायचंही बळ नव्हतं. सावेता कापडाच्या टोकानं दूध तिच्या ओठांत पिळायची आणि तो एक थेंब आत गेला की देवाचे, परिचारिकेचे, तेलवाल्यांचे, सगळ्यांचे आभार मानायची. हळूहळू पोरीच्या गालांना रंग आला. बोटांना नखं दिसू लागली. एके दिवशी ती चिडून रडली, तेव्हा राफिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ऐकलंस? भांडतेय! आमच्या घराण्यातली आहे.”

खाली एक आवाज सतत असायचा. डोंगरापलीकडच्या यंत्रांची घरघर. गावात ती सगळ्यांच्या कानांना इतकी सरावाची होती, की ती ऐकू येते हेच कुणाच्या लक्षात राहत नसे.

एका सकाळी सावेतानं पाळणा मधून उचलून भिंतीकडे सरकवला. छतातून पाणी टपकत होतं म्हणून. दूध आणायला ती वर गेली, परत आली आणि सवयीनं भांडं मधल्या विटांवर ठेवून पोरीला घेऊन बसली. दूध तापेना. तिनं हात लावला. विटा थंड होत्या. कोमटसुद्धा नाही, नुसत्या थंड.

आग पुढे गेली, असं तिला वाटलं. झाम्फिराला ती घाईनं पाळण्यात ठेवायला गेली आणि तिचे गुडघे भिंतीजवळच्या विटांना टेकले. त्या गरम होत्या. पाळण्याच्या लांबीरुंदीएवढ्याच.

सावेता शाळेत मुलांना गणित शिकवायची. वर्षभरात एक वावर ओलांडणारी आग भांडंभर दूध आणायच्या वेळात तळघराच्या भिंतीला कशी जाईल, हा हिशेब तिनं मनात मांडला आणि तो सुटेना. तिनं पाळणा दुसऱ्या भिंतीला नेला आणि हात जमिनीवर ठेवून बसली. हाताखालच्या विटा थंड होत्या. मग थंडी गेली. मग, खालून कुणी जवळ यावं तशी, ऊब आली.

“विटांच्या खाली पोकळी असणार,” ती मोठ्यानं म्हणाली. “गरम हवा इकडून तिकडे खेळत असणार.”

पटण्यासारखं होतं. तिनं ते पटवून घेतलं.

३

पाळण्यातली गोधडी धुताना सावेताला गोधडीच्या खालच्या बाजूला डाग दिसले. इस्त्री जास्त वेळ राहिली की कापडावर उमटतो तसा पिवळट करपलेला रंग. एकावर एक पडलेले, सगळे गोधडीच्या मध्यावर, पोरीची पाठ येते तिथे. मोठ्या माणसाच्या तळव्याएवढे.

त्या गोधडीला तिनं कधी इस्त्री केली नव्हती. पण गेले कित्येक दिवस तिला सलग झोप नव्हती, आणि झोप नसलेल्या बाईला आपण काय केलं आणि काय नाही हे सांगता येत नाही. दुसरी गोधडी घातली. तिच्यावरही तसेच डाग आले.

त्याच आठवड्यात एका दुपारी यंत्रं बंद पडली. साऱ्या जिल्ह्याची वीज गेली होती. घरघर थांबली तशी गावावर अशी शांतता पडली, की कुत्रीसुद्धा गोंधळून उभी राहिली. सावेता तळघरात पोरीला झोपवत होती. तिचं बोलणं मध्येच थांबलं.

थप. थप. मग जरा थांबून, थप.

घरघरीच्या आड हा आवाज इतके दिवस होताच. आता तो उघडा पडला होता. हलका, मऊ, घाई नसलेला. पाळण्याखालून येत होता. प्रत्येक आवाजाबरोबर पाळणा अगदी किंचित हलायचा आणि झाम्फिराच्या पापण्या जड व्हायच्या.

सावेतानं तो आवाज लगेच ओळखला. ती स्वतः तो दिवसातून कितीदातरी काढायची. कुणीतरी पोरीला थोपटत होतं.

तिनं लेकराला उचलून छातीशी धरलं. आवाज थांबला. झाम्फिरा जागी झाली, इकडेतिकडे पाहू लागली आणि तिनं रडायला सुरुवात केली. सावेतानं तिला खूप फिरवलं, गाणं म्हटलं, स्वतः थोपटलं. पोर ऐकेना. हिरमुसून, दमून, शेवटी तिनं तिला पुन्हा पाळण्यात ठेवलं.

थप. थप. जरा थांबून, थप.

पोर झोपली.

४

“वायू आहे तो,” तोदोर म्हणाला. तो कामावरून आला होता आणि टोपीही न काढता जमिनीला कान लावून पालथा पडला होता. “वाळूत बुडबुडे अडकतात आणि फुटतात. आमच्या विहिरींतही असंच वाजतं.”

“तालात?”

“कधी कधी तालातसुद्धा.”

“पाळणा हलवला की तुमचे बुडबुडेही हलतात?”

तोदोरनं कान उचलला नव्हता. बराच वेळ तो तसाच पडून राहिला, आणि सावेताला दिसलं, की त्याच्या चेहऱ्यावरचा कामाचा ताण उतरत चाललाय, तोंड थोडं उघडं पडलंय. तो झोपत होता. तिनं त्याचा खांदा हलवला तेव्हा तो दचकून उठला आणि टोपी शोधू लागला. टोपी डोक्यावरच होती.

“पोरीला वर नेऊ या,” तो म्हणाला.

“वर पाणी गोठतंय बादलीत.”

तेही खरं होतं. खुर्चीतून राफिला म्हणाली, “कसली खलबतं चाललीत तुमची? मला कधीचं माहीत आहे.”

“काय माहीत आहे, आई?”

“कुणीतरी आहे ते. कोण, ते मी विचारलं नाही. तुमच्या इस्पितळानं पोर परत पाठवली आणि यानं ठेवून घेतली. मी पहिल्या दिवसापासून त्याला मामालिगा ठेवते कोपऱ्यात.”

सावेतानं कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक ताटली होती. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा खरपूस भाजून कडक झाला होता.

“खात नाही,” राफिला जरा नाराजीनं म्हणाली. “पण भाजून ठेवतं. म्हणजे मग मीच खाते. छान लागतं.”

तोदोर हसला. सावेताही हसली. पण त्या दिवसापासून पोरीला निजवताना ती पाळण्याच्या कडेवर एक हात ठेवून बसायची, आणि तो हात ती उचलत नसे.

५

डोंगरावरचा बर्फ वितळू लागला होता. सावेता वर स्वयंपाकघरात लंगोट पिळत होती. राफिला आणि झाम्फिरा खाली होत्या. एकाएकी फळीवरच्या बशा खणखणल्या. पुन्हा खणखणल्या. तिला आधी वाटलं, रस्त्यावरून ट्रक चाललाय. मग जमीन तिच्या तळपायाखाली धाडकन आपटली.

खालून कुणीतरी ठोकत होतं. थोपटणं नव्हे, मुठीनं दार ठोठावावं तसं.

ती धावत खाली गेली. मेणबत्ती बारीक, निळसर जळत होती. राफिला खुर्चीत एका बाजूला कलंडली होती आणि तिचे म्हातारे गाल एखाद्या नवऱ्या मुलीसारखे लालबुंद दिसत होते. पाळणा भिंतीजवळ नव्हता. तो जिन्याच्या तळाशी, पहिल्या पायरीला टेकून उभा होता आणि पायरीवर आपटत होता. जणू त्याला वर चढायचं होतं.

सावेतानं पोर उचलली. तिचं स्वतःचं डोकं तोवर जड होऊ लागलं होतं. तोदोरनं तिला बजावून ठेवलेलं होतं, की आगीचा वायू वर फुटला तर त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बसल्या जागी झोपतो. पोरीला घेऊन ती वर गेली, दार लाथेनं उघडून तिला अंगणात ओल्या गवतावर ठेवलं, मोठा श्वास घेतला आणि सासूसाठी परत खाली आली.

राफिला जड बाई होती. सावेतानं तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. अर्ध्या जिन्यावर तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि तो काळोख तिला फार मऊ वाटला, आता इथेच बसावं, असं वाटलं. तेवढ्यात तिच्या पाठीवर एक हात टेकला. रुंद, तापलेला, खंबीर. त्यानं तिला आणि तिच्या ओझ्याला मिळून वर ढकललं.

“तोदोर,” ती म्हणाली, “आईचे पाय धर.”

कुणी उत्तर दिलं नाही. दारातून पिरोश्का मावशी किंचाळत आली आणि दोघींनी राफिलाला अंगणात घेतलं. ती खोकली, ओकली, शेवटी शिव्या देऊ लागली, म्हणजे जगली. पिरोश्का मावशीनं उबेसाठी कोंबड्या आपल्या तळघरात ठेवल्या होत्या. त्यांच्यातली एकही उरली नाही.

तोदोर डोंगरापलीकडून धावत पोचला तेव्हा त्याची सायकल रस्त्यातच पडलेली होती. त्यानं पोरीला घेतलं, आईला हात लावून पाहिला, मग बायकोचं डोकं छातीशी दाबलं. सावेता नुसती “उपकार झाले, फार उपकार झाले,” असं पुटपुटत होती. कुणाचे ते त्यानं विचारलं नाही.

६

तेलवाल्यांचा इंजिनियर लुंगू दुसऱ्या दिवशी आला. तळघरं उघडी टाकून वारं खेळवलं होतं. त्यानं गल्लीतल्या प्रत्येक घरात नळ्या आणि मापकं लावली आणि सांगितलं, की गल्ली रिकामी करावी लागेल. सगळ्यांना शहरात फ्लॅट मिळतील.

“आग अजून किती दिवस राहील आमच्याखाली?” सावेतानं विचारलं.

“तुमच्याखाली?” लुंगू बूट झटकत म्हणाला. “बाई, आग शरदातच तुमचं घर ओलांडून गेली. आता ती पार चर्चच्या मागे आहे. वायू जुन्या फटींतून मागे आला. तुमच्या खालची वाळू तर निवत आलीय.”

“मग आमचं तळघर?”

“थंडच असणार.”

“हात लावून बघा.”

तो हसत खाली उतरला. पाळणा जिन्याशी होता तिथे तो वाकला, हातमोजा काढला आणि विटांवर तळवा ठेवला. त्याचं हसू गेलं नाही, फक्त ते चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मग त्यानं हात पटकन उचलला, उलटा करून पाहिला आणि मोजा चढवला.

“विटा ऊब धरून ठेवतात,” तो म्हणाला आणि वर आला. बाकीची मापं त्यानं अंगणातूनच घेतली.

७

सामानाचा ट्रक आला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. तोदोर आणि शेजारचे पुरुष कपाट बाहेर काढत होते. राफिला ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा अडवून बसली होती आणि तिथून सगळ्यांना हुकूम सोडत होती. सावेतानं झाम्फिराला कडेवर घेतलं आणि कुणाला काही न सांगता तळघरात उतरली.

पाळणा वर गेला होता. जमीन मोकळी होती. खिडकीच्या झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा विटांवर पडला होता, आणि फटींतलं डांबर त्यात चमकत होतं.

कशासाठी आलो, हे तिला नीट माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं, की असं न सांगता निघून जाणं बरं दिसत नाही.

“आम्ही निघालो,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “पोर बघा केवढी झाली. तुम्ही होतात म्हणून झाली.”

मग तिनं ते केलं, ज्याचं तिला पुढे कधी नवल वाटायचं आणि कधी वाटायचं नाही. तिनं शाल जमिनीवर अंथरली, झाम्फिराला तिच्यावर निजवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभी राहिली. पाहुण्याला लेकरू घेऊ देताना आपण जरा बाजूला होतो, तशी.

थप. थप. थप.

पोर खुदकन हसली. मग आवाज थांबला. हसणंही थांबलं. वर कपाट दाराला घासल्याचा आवाज आला, तोदोर कुणाला तरी म्हणाला, “डावीकडून धर रे.” खाली काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. सावेताच्या मानेवर घाम उतरला. भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे तिला एक एक करून दिसू लागले. आता वळू नये, असं एक मन म्हणत होतं. ती वळली.

झाम्फिरा बसली होती. जिला अजून मानही धड सावरता येत नव्हती, ती ताठ बसून झरोक्याकडे पाहत होती. तिच्या पाठीशी काहीतरी काळं, चकाकणारं, विटांच्या फटींतून वर आलेलं होतं आणि पोरीच्या पाठीवर पसरलं होतं. सावेतानं बोटं पाहिली. बोटांच्या पुढे मनगट होतं आणि मनगटाच्या पुढेही ते उतरत गेलं होतं, खाली, विटांच्या आत, कुठवर ते दिसत नव्हतं.

तिच्या अंगातलं सगळं बळ झेप घेऊन पोर ओढायला धावलं. तिनं ते आवरलं. ज्यानं आपलं लेकरू हिवाळाभर सांभाळलं, त्याच्या हातून ते हिसकावून घ्यायचं नसतं. ती गुडघ्यांवर बसली. तिनं दोन्ही हात पुढे केले.

“द्या आता,” ती म्हणाली. “मी आई आहे तिची. द्या.”

काहीही हललं नाही. उन्हाचा तुकडा विटांवर होता तसाच होता. झाम्फिराचा एक हात मागे गेला होता आणि त्या काळ्या बोटांपैकी एक तिनं मुठीत धरलं होतं.

“द्या ना,” सावेता म्हणाली. आता ती रडत होती. “तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण द्या.”

मग अगदी हळू, झोपलेल्या लेकराखालून हात काढताना आपण जपतो तितकं जपून, ते मागे सरलं. पोरीच्या मुठीतलं बोट सगळ्यात शेवटी सुटलं. झाम्फिरा पुढे झुकली आणि सावेताच्या हातांत पडली, गरम, जड, पुरती जिवंत. फटींतलं डांबर पुन्हा फटींत होतं.

सावेतानं विटांना कपाळ टेकलं. चटका बसला, तरी तिनं ते लगेच उचललं नाही.

“कुठे होतीस?” वर तोदोरनं विचारलं. “सगळे खोळंबलेत. आणि कपाळाला काय झालं?”

“निरोप घेत होते.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तळघराच्या दाराकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली आणि तिला ट्रकमध्ये चढायला हात दिला.

ट्रक उतारावरून निघाला तशी झाम्फिरानं रडायला सुरुवात केली. पूर्वीचं चिडकं रडणं नव्हे. सारा जीव ओतून, हुंदके देऊन. आईच्या खांद्यावरून ती दोन्ही हात मागे, घराकडे, पसरत होती. राफिलानं मागे वळून जीभ टाळूला लावून टकटक केलं, त्याच ट्रकमधून निघालेल्या पिरोश्का मावशीनं चाव्यांचा जुडगा वाजवून दाखवला, तोदोर म्हणाला, “भूक लागली असेल, सावेता, गप्प कर तिला.”

सावेतानं पोरीची पाठ कुरवाळली आणि तिला घर दिसत राहील अशी वळवून धरली.

“रडू दे,” ती म्हणाली. “रडायलाच हवं तिनं.”